सुरीच्या आधी सुई

इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने इराणच्या राजघराण्यातील एक हकीकत नोंदवून ठेवली आहे. सायरसची कन्या आणि दारयसची राणी अटोसा हिच्या स्तनावर गाठ आली. गाठ लहान होती तोवर राणीने लाजेपोटी ती कोणास दाखविली नाही. ती फुटून पसरू लागली तेव्हा मात्र तिने दरबारातील ग्रीक वैद्य डेमोसिडीज याला बोलावणे धाडले. वैद्याने तिला बरे केले आणि मोबदल्यात स्वतःच्या मायदेशी परतण्याची वाट तिच्याकरवी मोकळी करून घेतली, असे हेरोडोटस सांगतो. ती गाठ कर्करोगाची होती की साध्या गळवाची, हे या हकिकतीवरून ठरविता येत नाही. हाताला लागलेली गाठ नेमकी कशाची, हा प्रश्न त्या राणीलाही पडला असेल आणि तिच्या वैद्यालाही. परंतु पुढे दोन हजारांहून अधिक वर्षे त्याचे उत्तर गाठ कापून काढल्यावाचून मिळण्याची सोय नव्हती, आणि कित्येकदा काढल्यावरही ते मिळत नसे.

प्राचीनांच्या निरीक्षणात काही उणे होते असे नाही. इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमारास नकलून घेतलेला आणि आज एडविन स्मिथ पपायरस या नावाने ओळखला जाणारा इजिप्तमधील वैद्यकग्रंथ स्तनावरील थंड, फुगीर गाठींचे वर्णन करतो आणि उपचाराच्या जागी ‘उपचार नाही’ एवढेच लिहून थांबतो. आपल्याकडे सुश्रुतसंहितेने ‘ग्रंथी’ आणि ‘अर्बुद’ यांचा वेगवेगळा विचार केला. वाटोळे, स्थिर, खोल मूळ असलेले, हळूहळू वाढणारे आणि न पिकणारे ते अर्बुद, अशी त्याची लक्षणे सांगितली. गाठीभोवती पसरलेल्या शिरा पाहून ग्रीकांना खेकड्याच्या पायांची आठवण झाली, आणि त्यांनी रोगाला खेकड्याचेच नाव दिले. मराठीतील ‘कर्करोग’ हा शब्द त्याच कल्पनेचा वारस आहे. परंतु या सर्वांजवळ साधने दोनच होती, हात आणि डोळा. आणि दोन्हींची धाव गाठीच्या बाहेरच्या बाजूपर्यंतच होती. आत काय आहे ते पाहावयाचे तर शस्त्र चालविण्यावाचून गत्यंतर नव्हते.

ते शस्त्र कसे चाले, याची साक्ष फॅनी बर्नी या इंग्लिश कादंबरीकार स्त्रीने लिहून ठेवली आहे. ३० सप्टेंबर १८११ रोजी पॅरिसमधील तिच्या राहत्या घरी नेपोलियनच्या सैन्यातील विख्यात शस्त्रवैद्य बॅरन लॅरे याने तिचा स्तन काढला. शस्त्रक्रियेचा दिवस तिला आगाऊ कळविण्यात आला नव्हता. त्याच दिवशी सकाळी चिठ्ठी आली. भूल म्हणून काही नव्हते. तिने पुढे आपली बहीण एस्थर हिला हे सारे पत्राने कळविले, परंतु ते पत्र पुरे करण्यास तिला कित्येक महिने लागले, कारण आठवणीनेही तिच्या जिवाचा थरकाप होई. ती १८४० पर्यंत जगली. वैद्यांनी तिच्या गाठीला कर्करोग म्हटले होते. तो खरोखरच होता का, हे आज कोणालाही सांगता येणार नाही, कारण सूक्ष्मदर्शकाखाली गाठीच्या पेशी पाहून निवाडा करण्याचा काळ अद्याप यावयाचा होता.

जपानमध्ये हानाओका सेइशू याने १८०४ मध्येच धोतरा, बचनाग आदी वनस्पतींच्या काढ्याने भूल देऊन एका साठ वर्षांच्या स्त्रीच्या स्तनावर शस्त्रक्रिया केली होती. पण जपानची दारे तेव्हा जगाला बंद होती आणि ते ज्ञान बाहेर पडले नाही. १८३८ मध्ये बर्लिनच्या योहानेस म्यूलर याने अर्बुदे पेशींचीच बनलेली असतात हे सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने दाखविले. १८४६ मध्ये बोस्टन येथे ईथरची भूल जगजाहीर झाली आणि १८६७ मध्ये लिस्टरने जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत प्रसिद्ध केली. शस्त्रवैद्याला आता घाई करण्याचे कारण उरले नाही. त्याचा हात धीट झाला, आणि खोलवरही जाऊ लागला.

या धिटाईचे सर्वांत मोठे प्रतीक म्हणजे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे विल्यम हॉल्स्टेड. कर्करोग आपल्या मूळ जागेपासून क्रमाक्रमाने भोवताली पसरतो, तेव्हा जितके अधिक कापावे तितके अधिक वाचवावे, असा त्यांचा विचार होता. संपूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतील रसग्रंथी एकसंध काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेचे ५० रुग्णांचे अनुभव त्यांनी १८९४ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच जागी रोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण त्यांच्या हाती बरेच कमी झाले होते, हे मान्य केले पाहिजे. त्यावेळच्या रुग्णांच्या गाठी मोठ्या आणि जुन्या असत, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. परंतु मागे राहणारी खोलगट छाती आणि अनेकींच्या बाबतीत कायमचा सुजलेला हात, ही त्या शस्त्रक्रियेची किंमत होती; आणि ती सुमारे पाऊण शतक असंख्य स्त्रियांनी मोजली.

एवढी मोठी शस्त्रक्रिया करावयाची तर निदान पक्के हवे. १९०५ मध्ये अमेरिकेच्या मिनेसोटा प्रांतातील मेयो क्लिनिकमध्ये लुई विल्सन या विकृतिशास्त्रज्ञाने त्यावर एक तोड काढली. रुग्ण टेबलावर असतानाच गाठीचा तुकडा घ्यावयाचा, तो गोठवून त्याचे पातळ काप करावयाचे, मिथिलीन ब्लू या रंगाने रंगवावयाचे आणि काही मिनिटांत सूक्ष्मदर्शकाखाली निवाडा द्यावयाचा. शोध अतिशय उपयुक्त होता आणि आजही तो वापरात आहे. तथापि त्याने निदान आणि शस्त्रक्रिया यांना एकाच भुलेत बांधून टाकले. स्त्रीने आधीच दोन्हींच्या संमतीवर सही करावयाची आणि झोपी जावयाचे; गाठ साधी निघाली तर लहानशी जखम घेऊन ती जागी होणार, कर्करोग निघाला तर स्तन गेलेला असणार. दुसऱ्यांदा भूल द्यावी लागू नये आणि मध्ये दिवस गेल्यास रोग पसरेल की काय, ही भीती उरू नये, असा त्यामागचा हेतू होता. हेतू वाईट नव्हता. पण आपल्याला कोणता रोग झाला आहे हे तिला इतर सर्वांच्या नंतर कळे. शुद्धीवर येताच छातीवरचे बांधलेले जाड पट्टे हाताला लागत, आणि तेच तिचे निदान असे.

याच काळात दुसरी वाट निघाली होती. मात्र तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातील हेज मार्टिन आणि एडवर्ड एलिस यांनी १९३० मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. साधी पोकळ सुई गाठीत खुपसावी, पिचकारीने आतील द्रव्य ओढावे, ते काचेच्या पट्टीवर पसरून रंगवावे आणि पेशी पाहाव्यात, एवढीच त्यांची युक्ती होती. फ्रेड स्टुअर्ट या विकृतिशास्त्रज्ञाने १९३३ मध्ये तिला आपल्या अनुभवाचा आधार दिला. पण पुष्कळ विकृतिशास्त्रज्ञांना सुट्या पेशींवरून निवाडा देणे जोखमीचे वाटे; घराची बांधणी पाहिल्यावाचून चार विटांवरून घर कसे ओळखावे, असा त्यांचा आक्षेप असे. शिवाय सुई टोचल्याने रोग पसरतो अशी भीती होतीच. ही वाट अमेरिकेत अरुंदच राहिली. तिचा राजमार्ग झाला तो स्वीडनमध्ये. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात सिक्स्टन फ्रान्झेन, योसेफ झायिचेक आणि त्यांचे सहकारी यांनी १९५० नंतरच्या दोन दशकांत अधिक बारीक सुई वापरून हजारो रुग्णांचे निदान केले व या तंत्राला शास्त्राची शिस्त लावली. सुईने जीव धोक्यात येतो या भीतीला पुढील दीर्घ अनुभवाने आधार दिला नाही. सुईने तपासलेल्या स्त्रियांचे आयुष्य त्या कारणाने घटल्याचे आढळलेले नाही.

साधन हाती आले तरी रूढी आपोआप हटत नाही. ती हटविण्यास एका पत्रकार स्त्रीची जिद्द कारणीभूत झाली. अमेरिकेतील रोझ कुशनर यांना १९७४ मध्ये आपल्या स्तनात गाठ आढळली. आधी केवळ बायोप्सी करा, मला जागे होऊ द्या, पुढचे नंतर ठरवू, एवढीच त्यांची अट होती. परंतु ती मान्य करणारा शस्त्रवैद्य मिळविण्यास त्यांना बरीच खटपट करावी लागली. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांच्यावर जुन्या रिवाजानेच, एकाच भुलेत निदान आणि स्तनछेदन अशा दोन्ही गोष्टी झाल्या. ज्या रोगाचे नाव चारचौघांत उच्चारले जात नसे, तो त्यांनी उघडपणे जाहीर केला आणि हजारो स्त्रिया तपासणीसाठी पुढे आल्या. हे त्यांचे धैर्य मोठेच होते. कुशनर यांनी १९७५ मध्ये पुस्तक लिहून रूढीवर टीका केली, सभांमधून शस्त्रवैद्यांना जाब विचारला, प्रसंगी त्यांचा रोष ओढवून घेतला. अखेर १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थांनी भरविलेल्या विचारपरिषदेच्या मंडळात, डॉक्टर नसतानाही, त्यांना सभासद म्हणून घेण्यात आले. त्या परिषदेने दोन टप्प्यांच्या पद्धतीची शिफारस केली: आधी निदान, मग रुग्णाशी विचारविनिमय, आणि त्यानंतर शस्त्रक्रिया.

मधल्या काही दिवसांनी रोग बळावत नाही, हे एकदा मान्य झाल्यावर त्या दिवसांत विचार करण्याजोगे काही आहे का, हा प्रश्न उरला. त्याचे उत्तर दोन मोठ्या प्रयोगांनी दिले. इटलीत मिलान येथे उम्बेर्तो व्हेरोनेसी यांनी १९७३ मध्ये, तर अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी १९७६ मध्ये, संपूर्ण स्तन काढणे आणि केवळ गाठीचा भाग काढून किरणोपचार देणे यांची तुलना सुरू केली. लहान गाठींच्या बाबतीत दोन्ही मार्गांनी गेलेल्या स्त्रियांचे आयुर्मान सारखेच राहिले. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतरचे दोन्ही निष्कर्ष २००२ मध्ये एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात प्रसिद्ध झाले, आणि हॉल्स्टेड यांचे गृहीत इतिहासजमा झाले. स्त्रीला आता केवळ वार्ता ऐकावयाची नव्हती. तिला निवड करावयाची होती.

दरम्यान निदानापुढे एक नवीच अडचण उभी राहिली होती. बर्लिनच्या आल्बर्ट सालोमन याने १९१३ मध्ये काढलेल्या स्तनांची क्ष-किरण चित्रे घेऊन त्यांत रोगाच्या खुणा दाखविल्या होत्या. ह्यूस्टनच्या रॉबर्ट ईगन यांनी १९६० मध्ये हे तंत्र भरवशाचे केले. १९६३ मध्ये न्यूयॉर्क येथे सुमारे ६२,००० स्त्रियांवर सुरू झालेल्या पाहणीत नियमित तपासणीमुळे मृत्यूंचे प्रमाण घटल्याचे दिसून आले, आणि मॅमोग्राफी सर्वत्र पसरली. पण चित्रात दिसणारे चुन्याचे बारीक कण किंवा काही मिलिमीटरांची सावली ही शस्त्रवैद्याच्या बोटांना लागत नसे. जी गाठ हाताला लागत नाही ती काढावयाची कशी? एक उपाय असा की चित्राच्या आधाराने आत बारीक तार सोडावयाची, तिचे टोक आकड्यासारखे अडकवून ठेवावयाचे, आणि तारेचा माग काढीत शस्त्रवैद्याने आत शिरावयाचे. आकड्याची ही तार १९७६ पासून रूढ झाली. परंतु तारेच्या टोकाशी अखेर सापडे ते बहुतेक वेळा निरुपद्रवी असे. रोग लवकर हुडकण्याच्या नादात निरोगी स्त्रियांच्या अंगावर व्रण वाढू लागले.

यातून सुटका झाली ती पुन्हा स्वीडनमध्येच. मनुष्याला दोन डोळे असल्यामुळे अंतराचा अंदाज येतो. त्याच न्यायाने दोन भिन्न कोनांतून घेतलेल्या क्ष-किरण चित्रांवरून गाठीची खोली गणिताने काढता येते. कॅरोलिन्स्का रुग्णालयातील बो नॉर्डेनस्ट्रॉम व त्यांचे सहकारी यांनी या तत्त्वावर स्तनासाठी यंत्र तयार केले आणि १९७७ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. १९८२ मध्ये उप्सालाच्या पेर गुन्नार लिंडग्रेन यांनी स्प्रिंगच्या जोरावर चालणारे साधन पुढे आणले. कळ दाबताच आतली सुई गाठीत शिरते, तिच्या खाचेत तुकडा येतो, आणि निमिषार्धात बाहेरची नळी त्याला कापून झाकून टाकते. सुट्या पेशींऐवजी आता काडीएवढा सलग तुकडा हाती येऊ लागला. घराची बांधणी दिसू लागली, आणि विकृतिशास्त्रज्ञांचा जुना आक्षेप मिटला. अमेरिकेत कोलोरॅडोचे क्ष-किरणतज्ज्ञ स्टीव्ह पार्कर यांनी या दोन शोधांची सांगड घातली. सुमारे दोन मिलिमीटर जाडीच्या सुईने, जागेपुरती भूल देऊन, त्यांनी १९९० च्या सुमारास केलेले काम इतके खात्रीचे ठरले की १९९४ मध्ये वीस संस्थांतील ६,१५२ तपासण्यांचा अहवाल प्रसिद्ध होऊ शकला. गाठ हाताला लागत नसली तरी चाकूची गरज उरली नाही.

तरीही एक उणीव होती. प्रत्येक तुकड्यासाठी सुई पुन्हा आत घालावी लागे, आणि चुन्याचे विखुरलेले कण निसटून जात. पार्कर आणि त्यांचे सहकारी फ्रेड बरबँक यांनी १९९५ मध्ये प्रत्यक्षात आणलेल्या यंत्राने हे काम शोषणावर सोपविले. चार-पाच मिलिमीटरांच्या छेदातून पोकळ सळई एकदाच आत जाते. तिच्या बाजूच्या झरोक्यातून निर्वाताच्या ओढीने ऊती आत खेचली जाते. फिरणारे पाते ती कापते आणि तुकडा नळीतून बाहेर येतो. सळई न हलविता झरोका घड्याळाच्या काट्यासारखा फिरवीत चहूबाजूंचे तुकडे घेता येतात. शेवटी त्या जागी धातूची एक बारीक चीप खूण म्हणून ठेवतात, म्हणजे पुढे गरज पडल्यास जागा सापडावी. टाके लागत नाहीत. काळेनिळे पडणे, थोडा रक्तस्राव होणे, एवढाच बहुधा त्रास असतो.

यातून एक अनपेक्षित गोष्ट निष्पन्न झाली. तुकडे घेता घेता लहान गाठ संपूर्णच निघून जाते, असे ध्यानात आले. तरुण मुलींमध्ये वारंवार आढळणारी फायब्रोअ‍ॅडिनोमाची गाठ निरुपद्रवी असते आणि खात्री पटल्यावर ती बहुधा तशीच राहू देतात. परंतु तिचा त्रास होत असेल किंवा मनाला घोर लागत असेल, तर सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत ती याच सळईने काढून टाकता येते. ब्रिटनच्या आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेने २००६ मध्ये निरुपद्रवी गाठींसाठी या उपायाला मान्यता दिली. मात्र या साधनाची मर्यादा ओळखली पाहिजे. कर्करोग सिद्ध झाल्यास भोवतालच्या निरोगी कडेसह शस्त्रक्रिया हाच आजही प्रमाण मार्ग आहे. चित्र एक सांगते आणि तुकडा दुसरेच, असे झाल्यास निकाल अंतिम न मानता तपासणी पुन्हा करावी लागते. सुई सत्य सांगते ते तिच्या टोकाशी आलेल्या ऊतीपुरते. म्हणून चित्र वाचणारा आणि पेशी वाचणारा यांचे एकमत होणे अगत्याचे असते.

भारतात २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईला टाटा स्मारक रुग्णालय उघडले. तेथील प्रयोगशाळांची धुरा वसंत रामजी खानोलकर यांच्यासारख्या विकृतिशास्त्रज्ञाकडे होती, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. शस्त्राच्या शेजारी सूक्ष्मदर्शकाला तेथे प्रारंभापासून मानाचे स्थान मिळाले. बारीक सुईची तपासणी आपल्या देशात चांगली रुजली, कारण तिला लागते ते पिचकारी, काचपट्टी आणि जाणती नजर. शोषणयंत्र मात्र खर्चिक आहे आणि मोठ्या शहरांबाहेर सहसा पोहोचलेले नाही. परंतु यंत्राची दुर्मीळता ही दुय्यम बाब होय. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १,९२,००० नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८,००० स्त्रिया त्या रोगाने दगावल्या. अनेक स्त्रिया वैद्याकडे येतात तेव्हा गाठ सुईच्या मापाची उरलेली नसते.

त्या आधी कशा येतील, याचा शोध मुंबईत १९९८ पासून वीस वर्षे चालला. टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईच्या झोपडवस्त्यांतील ३५ ते ६४ या वयाच्या दीड लाखांहून अधिक स्त्रियांचे दोन गट केले. एका गटातील स्त्रियांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने तपासले, आणि शंका आल्यास त्यांना पुढील निदानासाठी रुग्णालयात पाठविले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार या गटात रोग तुलनेने लवकरच्या अवस्थेत सापडला. सर्व वयांचा एकत्र विचार करता मृत्यूंतील घट संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरण्याइतकी नव्हती. परंतु पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. मोठे यंत्र नव्हते, वीजही लागली नाही. दारात येणारी एक ओळखीची बाई आणि तिचा शिकविलेला हात पुरेसा झाला.

गाठ लपवून ठेवण्यामागे लाज असते, खर्चाची काळजी असते आणि एक जुनी धास्तीही असते, की गाठ दाखविली म्हणजे स्तन गेलाच. आजीच्या किंवा मावशीच्या वेळी ती धास्ती खोटी नव्हती. आता ती खरी राहिलेली नाही. बहुसंख्य गाठी निरुपद्रवी निघतात, ज्या तशा निघत नाहीत त्यांचेही नाव सुईने आधी कळते, आणि नाव कळणे व शस्त्र चालणे यांच्या मध्ये आता काही दिवस असतात. त्या दिवसांत स्त्री घरी जाऊ शकते, नवऱ्याशी, बहिणीशी बोलू शकते, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेऊ शकते, आणि मग स्वतः ठरवू शकते. एवढे दिवस तिला मिळावेत म्हणून जवळजवळ एक शतक लागले आहे. ते तिला मिळतील हे तिच्या कानी घालण्याचे काम अद्याप पुष्कळ उरले आहे.